शिक्का बरोबर बसला पाहिजे

आज दुपारी आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला. मुली झोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला जायच्यात, ट्रॅकसूट आणि प्रवासाचा खर्च भागत नाहीये, सर्वांनी यथाशक्ती मदत करावी, खाली जीपे नंबर. त्याच्या लगेच खाली एका शहाण्याने शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या फ्लेक्सचा फोटो टाकला. जनरल चॅम्पियनशिप परत त्यांचीच. मधोमध संस्थेचे अध्यक्ष हात जोडून, अर्धा फ्लेक्स त्यांनीच अडवलेला. खेळाडू खाली एका ओळीत, पासपोर्ट फोटोएवढे. आणि त्यावर आमच्याच लोकांचे टाळ्यांचे इमोजी!

डोकं सटकलं. लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

मला सांगा, प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना, क्रीडा असल्या ओळी असतात की नाही? प्रत्येक पोराकडून ते पैसे घेतात की नाही? मग मुलींच्या ट्रॅकसूटसाठी वर्गणी का काढावी लागते? सोपं आहे. फी डोक्यामागे जमते. ज्यांनी बीबीए, बीसीए, फार्मसी अशी विनाअनुदानित दुकानं थाटलीत त्यांच्याकडे डोकी जास्त, म्हणून जिमखाना मोठा. आमच्याकडे बीए नि बीकॉम, त्यात निम्म्या मुली सवलतीतल्या. आमचे पीटीचे सर निवृत्त झाले तेव्हापासून शारीरिक शिक्षण संचालकाचं पद रिकामं आहे. मराठीचे एक प्राध्यापक ‘क्रीडा समन्वयक’ म्हणून सह्या करतात. बिचारे शिट्टीसुद्धा घाबरत वाजवतात. आणि झोनलला दोन्ही कॉलेजं एकाच रेषेवर उभी. खुली स्पर्धा म्हणे.

मी एसवायला असताना आमची फोर बाय हंड्रेड रिलेची टीम झोनलला गेली होती. चौघींत स्पाइक्सचे, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचे, जोड दोन. मी तिसरी, वळणावरची, मला जोड मिळाला होता कारण माझा पाय आणि तो जोड कसाबसा जुळायचा, पुढे कापूस कोंबून. आमची शेवटची मुलगी अनवाणी पळायची. मुरमाचा ट्रॅक, फक्कीने आखलेला. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, आम्ही त्या फ्लेक्सवाल्या कॉलेजच्या मागोमाग दुसऱ्या आलो. फायनलमध्ये गेलो! पोरी नाचल्या. डबे उघडले, तेवढ्यात स्पीकरवरून पुकारा झाला की आमची टीम बाद.

कारण? एका मुलीच्या एलिजिबिलिटी फॉर्मवर प्राचार्यांचा गोल शिक्का फोटोवर आलाच नव्हता. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर यायला हवा, तर तो सगळाच्या सगळा कागदावर पडला होता. त्या कॉलेजने प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, टाकला, मान्य झाला, विषय संपला. ती मुलगी आमच्या वर्गातली, पहिल्या बाकावर बसणारी, सगळे ओळखत होते तिला. पण शिक्का!

आणि त्यांची शेवटची मुलगी? तिचा फॉर्म कसा होता म्हणता? फर्स्ट क्लास! फोटो, शिक्का, सही, बारावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स, सगळं पिनअप करून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. दुसऱ्या जिल्ह्यातली पोर, ऑगस्टमध्ये आणून बीएला बसवलेली, वर्गात पाऊल न ठेवलेली. अख्ख्या मैदानाला माहीत होतं. पण कागद चोख. त्यांच्याकडे फॉर्म भरायला वेगळा क्लार्क होता हो. आमच्याकडे सर रात्री घरी जेवणं झाल्यावर भरायचे.

नियम पाळायलासुद्धा पैसे लागतात, हे तेव्हा कळलं ते कळलं. पैसेवाल्यांचा नियमभंगही नियमात बसवलेला असतो, आणि आमचं खरं असूनही अपात्र. आज बोंबलतात ना सगळे, ‘नियम सर्वांना सारखे’. सारखेच आहेत. क्लार्क सारखे नाहीत.

बरं, त्या कॉलेजला पदकं कशाला हवी असतात? खेळावर प्रेम म्हणून? नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, मूल्यांकन करते, त्यात विद्यार्थ्यांनी मिळवलेली पदकं मोजतात. मेडल म्हणजे गुण, गुण म्हणजे ग्रेड, ग्रेड म्हणजे पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर मोठ्ठं अक्षर. पोरगी धावते आणि ग्रेड संस्थेची वाढते. मग पोरगी आयती आणणार नाहीत तर काय करतील? घडवायला चार वर्षं लागतात, आणायला एक ऑगस्ट पुरतो.

हे फक्त आमच्या तालुक्याचं नाही. वर पंजाबात बघा. विद्यापीठांना मिळणारी मौलाना आझाद ट्रॉफी वर्षानुवर्षं अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाची, ते सरकारी. 2024 ची गेली चंडीगड युनिव्हर्सिटीला, दुसऱ्या नंबरवर लव्हली प्रोफेशनल. दोन्ही खासगी. अमृतसर तिसरं. त्या खासगीवाल्यांकडे खेळाडूला फी माफ, होस्टेल, खुराक, वर शिष्यवृत्ती. आता कुणी म्हणेल देतायत तर वाईट काय, पोरांचं भलंच होतंय. होतंय. मान्य. पुढे चला.

कारण मला राग त्यांच्या देण्याचा नाहीच, आमच्या न देण्याचा आहे. 2020 ला भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. पंजाब विद्यापीठाची सुवर्णं 17, आपल्या पुणे विद्यापीठाचीही 17. रौप्यांवर हुकलं, नाहीतर पहिला नंबर आपला होता. म्हणजे पोरं आहेत. पाय आहेत. अविनाश साबळे कुठला? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बर्मिंगहॅमला 2022 च्या राष्ट्रकुलमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य काढलं त्याने, जिथे 1998 पासून तिन्ही पदकं केनियावालेच घरी न्यायचे. त्याला कुणी घडवलं? लष्कराने. नेमबाज स्वप्नील कुसळे? क्रीडा प्रबोधिनी, मग रेल्वे. कॉलेज कुठंय यात? कॉलेज नंतर सत्काराला येतं, शाल आणि नारळ घेऊन.

आणि कृपा करून कुणी मला पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट ऐकवू नका. ऐकवणार आहात, माहितीये, म्हणून मीच सांगते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. त्याआधी निवड चाचणीत अन्याय झाला म्हणून खाशाबांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली, तेव्हा कुठे फेरलढत मिळाली. मग स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दरवर्षी 15 जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, भाषणांत ही गोष्ट येते, लोक डोळे पुसतात. अहो, प्राचार्याला घर गहाण टाकावं लागतं हे कौतुकाचं आहे का? खर्डेकर मोठेच, त्यांच्या पायाशी बसायची लायकी नाही आपली. पण सत्तर वर्षांनी तीच पद्धत चालू आहे, फक्त घराच्या जागी जीपे नंबर आला.

आता उरलेलं सांगते, कारण खरी चीड त्याचीच आहे.

आम्ही बाद झाल्यावर आमचे सर तावातावाने उठले. म्हणाले, आपणही टाकू प्रोटेस्ट, त्यांच्या त्या मुलीवर. तर प्रोटेस्ट लेखी द्यायचा, ठरलेल्या वेळेत, आणि सोबत फी भरायची. मान्य झाला तर फी परत, फेटाळला तर गेली. सरांनी खिशातून खाकी पाकीट काढलं. त्यात आमच्या परतीच्या एसटीचे पैसे होते, बस्स. त्यांनी ते उघडलं, आमच्याकडे बघितलं, आम्ही दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारींसारख्या ओळीने बसलो होतो, आणि पाकीट मिटून परत खिशात टाकलं. ‘चला, चहा घेऊ,’ म्हणाले. चहा पण त्यांनीच पाजला, कुठून कोण जाणे.

म्हणजे बघा, फॉर्म नीट भरायला पैसे. दुसऱ्याचा खोटा फॉर्म पकडायलाही पैसे. मग नियम कुणाच्या बाजूने उभा आहे?

2023 च्या सप्टेंबरात दिल्लीत राज्य ॲथलेटिक्स झाली. नाडाची, म्हणजे उत्तेजकं तपासणाऱ्या संस्थेची, माणसं आल्याचं कळताच खेळाडूंची पळापळ झाली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या फायनलला एकटाच पोरगा धावला. हसलो होतो सगळे, मीम फिरले. पण तिथे निदान सुई शोधायला माणूस आला होता हो! आमच्या झोनलला कोण येतं? शिक्का बघणारा.

आणि याच कागदावर पुढे नोकऱ्या मिळतात. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, चांगली गोष्ट आहे, किती पोरींचं आयुष्य त्याने सरळ लागलं. पण ट्रॅम्पोलिन या उड्यांच्या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण विसरलात? कधी ट्रॅम्पोलिनवर पाय न ठेवलेले लोक खेळाडू म्हणून भरतीला. त्यांचेही शिक्के बरोबर बसलेले असणार, पैज लावते.

जाऊ दे.

त्यांच्या त्या बाहेरून आणलेल्या मुलीबद्दल मात्र एक सांगते, नाहीतर मला झोप लागायची नाही. त्या दिवशी फायनल जिंकून ती आमच्या तंबूत आली. गळ्यात मेडल. आमच्याजवळ बसली, चिवडा खाल्ला, आमच्या अनवाणी मुलीचे तळवे बघून म्हणाली, हळद लाव. बोलता बोलता कळलं की तिला तिच्या प्राचार्यांचं नाव माहीत नव्हतं. कॉलेजची लायब्ररी कुठल्या मजल्यावर तेही नाही. आईवडील ऊसतोडीला जायचे. होस्टेलमध्ये रोज दूध आणि अंडी मिळतात, घरी सांगितलं तर धाकटा भाऊ रुसतो, असं हसत सांगत होती. काय राग धरणार तिच्यावर? ती पुढे पोलिसात लागली असं ऐकलं. लागली असेल तर बरंच झालं.

पण तिला तरी काय दिलं त्यांनी? बीएला बसवली आणि बीए होऊ दिली नाही. ती कुठल्या विषयात नापास झाली, पुढे शिकली का, कुणी विचारलं? पदक मोजलं, मुलगी सोडून दिली. म्हणून मला त्या फ्लेक्सवरचे पासपोर्टएवढे चेहरे बघवत नाहीत. त्यातल्या कितीजणींना प्राचार्यांचं नाव माहीत असेल?

तर ग्रुपवरच्या मंडळींनो, टाळ्या जरा आवरा. पैसे मी पाठवलेत. समन्वयक सरांना वेगळं लिहिलंय की यातले अमुक इतके प्रोटेस्टच्या फीचे, त्यातून ट्रॅकसूट घ्यायचा नाही, ते पाकिटात राहू द्यायचे. आणि गावात राहणाऱ्यांपैकी कुणी बँकेतला, तहसीलमधला, कागद कळणारा माणूस असेल तर एक संध्याकाळ कॉलेजात जाऊन बसा, सगळे फॉर्म एकेक करून तपासा. फोटोवर शिक्का आलाय का, झेरॉक्सवर सही आहे का, जन्मतारीख जुळते का. पैशापेक्षा त्याची गरज जास्त आहे.

त्या दुसऱ्या कॉलेजची बरीच माजी मंडळी माझ्या यादीत आहेत हे मला माहीत आहे. राग आला असेल तर येऊ दे. ‘आमच्या काळी असं नव्हतं’ एवढं मात्र लिहू नका, तुमच्याच काळातलं सांगितलंय मी. बाकी कमेंटमध्ये भांडायला या, साडेनऊनंतर मोकळी आहे. आता कुकर लावायचाय.