खालची रेघ, मधली रेघ

शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला क्लायंटच्या डॉक्युमेंट कंट्रोलरचा, म्हणजे आलेली ड्रॉइंगं नोंदवून घेणाऱ्या माणसाचा, फोन आला. कारखान्यांची ड्रॉइंगं काढायच्या आमच्या धंद्यात शुक्रवारी पाचनंतर चांगली बातमी येत नसते.

"सर, तुमचं ट्रान्समिटल रिजेक्ट झालंय."

"का हो? काय राहिलं?"

"राहिलं काहीच नाही. फाइलच्या नावात खालची रेघ आहे."

"कुठली रेघ?"

"खालची. आपली मधली असते."

मी पाठवलेल्या ड्रॉइंगचं नाव उघडून बघितलं. २१०-पीआर-पीआयडी-००१४_सी. आधीच्या सगळ्या रेघा मधोमध, शहाण्यासारख्या. शेवटच्या 'सी'आधीची तेवढी एक घसरून खाली बसलेली. कीबोर्डवर या दोघी एकाच बटणावर नांदतात, मध्ये फक्त शिफ्टचा पडदा. करंगळी जरा रेंगाळली की झालं.

आता त्या 'सी'त, म्हणजे ड्रॉइंगच्या नव्या रेव्हिजनमध्ये, सुधारित आवृत्तीत, काय होतं ते सांगतो, म्हणजे या रेघेचा भाव कळेल. पी अँड आयडी म्हणजे प्लान्टचा सात-बारा. कुठला पाइप कुठून निघून कुठे जातो, किती इंची आहे, वाटेत कुठला व्हॉल्व्ह, कुठलं गेज, व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेली तर कंट्रोल व्हॉल्व्ह उघडा राहणार की बंद, हे सगळं ए१ कागदावर. मापाशी याचा संबंध नसतो. प्रत्यक्षात दोनशे मीटर लांब असलेला बॉयलर कागदावर टाकीच्या मांडीला मांडी लावून बसतो. पण याच कागदावरून पायपिंगवाले आयसोमेट्रिक, म्हणजे एकेका पाइपचं मापांसह ड्रॉइंग, काढतात, खरेदीवाले व्हॉल्व्ह मोजतात, याच्यावरच हॅझॉप, म्हणजे धोक्यांची तपासणी, बसते. सात-बाऱ्यावर नाव चढलं नाही तर जमीन तुमची नाही, आणि पी अँड आयडीवर व्हॉल्व्ह चढला नाही तर तो प्लान्टमध्ये नाही.

चौदाव्या शीटवर पी-२०१ ए आणि बी असे दोन पंप आहेत. एक चालतो, एक स्टँडबाय. दोघांच्या डिस्चार्ज लाइनी पुढे एकाच चार इंची हेडरला मिळतात. आधीच्या बी रेव्हिजनमध्ये ए पंपाच्या डिस्चार्जला एनआरव्ही, म्हणजे प्रवाह उलटा येऊ न देणारा व्हॉल्व्ह, होता आणि बी पंपाच्या नव्हता. चूक माझीच. ए काढला, कॉपी मारून बी केला, ड्रेनची जागा सरकवताना एनआरव्ही पुसला गेला. वाचायला एवढंसं वाटतं. पण स्टँडबाय पंप आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा लागतो. मग ए पंप जे पुढे ढकलतो त्यातलं बरंचसं बीमधून उलटं सक्शनला येतं. ए जीव तोडून धावतोय, पुढे फ्लो मीटर रडतोय, आणि बी स्टँडबाय म्हणवून उलटा गरगरतोय. अशात बीला सुरू व्हायची कमांड आली, तर उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला मोटर सुलटं करायला जाते. त्या ओढाताणीत शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकतं.

ही बी रेव्हिजन क्लायंटकडून ३७ कमेंट घेऊन परत आली होती. सदतीस! मी चहा घेऊन बसलो. एकोणीस कमेंट फॉन्ट, स्पेलिंग आणि टीप क्रमांक सातच्या शेवटी पूर्णविराम नाही या विषयावर. अकरा 'कन्फर्म' जातीच्या. ही जात बाहेरच्यांना माहीत नसेल. कागदावर लिहिलेलं असतं चार इंच. त्याला बाण काढून शेजारी लाल शाईत लिहितात: 'लाइन चार इंच. कन्फर्म.' आपण उत्तराच्या तक्त्यात लिहायचं: 'कन्फर्म्ड.' मनात असतं ते निराळंच: ताशी ५० घनमीटरला चार इंचीत वेग सेकंदाला १.७ मीटर येतो, तीन इंचीत २.९ येऊन घर्षण जवळजवळ चौपट होतं, म्हणून चार इंच, आणि हा हिशोब तुमच्याच टेबलावर महिनाभर पडलाय. पण तक्त्यातला रकाना लहान असतो. उरलेल्या सात कमेंट खऱ्या होत्या, चांगल्या होत्या. एनआरव्हीवर एकही नव्हती. तो मलाच सापडला, पिवळ्या पेनाने एकेक रेघ तपासत जाताना. बरोबर असेल ती रेघ पिवळी करायची, ही आमच्याकडची जुनी रीत. बी पंपापाशी पेन थांबला आणि पोटात गोळा आला.

तर हा एनआरव्ही टाकून, सदतीस उत्तरं लिहून 'सी' निघाली होती. ती दारातच अडली.

"साहेब," मी म्हटलं, "तेवढी रेघ तुम्हीच मधली करून घ्या ना. एका सेकंदाचं काम."

"मी बदलली तर फाइल माझी होते, सर. आणि मी काही ड्रॉइंग काढत नाही."

याला उत्तर नाही. मी दुसरीकडून शिरलो. "आत एक महत्त्वाचा बदल आहे हो. पंपाला एनआरव्ही वाढवलाय."

"असेल ना. आतलं मी बघत नाही, ते माझ्या स्कोपमध्ये नाही. मी नाव बघतो, नंबर बघतो, रेव्हिजन बघतो, पानं मोजतो. तुमची पानं बरोबर आहेत."

"आभारी आहे. पण मग आता तुमच्याकडे लाइव्ह काय आहे?"

"बी."

"बी चुकीची आहे!"

"नाही सर. बी व्यवस्थित आहे. मी स्वतः घेतलीय." आवाजात पहिल्यांदा थोडा दुखावलेपणा आला.

"अहो, बीमध्ये एनआरव्ही नाही!"

"पण रेघ बरोबर आहे."

मी गप्प झालो. फोनवर पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, मागच्या महिन्यात एका पार्टीने 'फायनल' लिहून फाइल पाठवली. मग 'फायनल वन'. मग 'फायनल लेटेस्ट'. आता तुम्हीच सांगा, मी कुठली ठेवू?"

मी म्हटलं, "लेटेस्ट."

"तिच्यानंतर 'फायनल लेटेस्ट जुनी' आली, सर."

इथे मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. कारण माणूस बरोबर बोलत होता. साइटवर जुनी रेव्हिजन फिरत राहिली की काय होतं ते या धंद्यात प्रत्येकाने पाहिलेलं असतं. फॅब्रिकेटर बी घेऊन नॉझल ठोकतो, सीमध्ये तो नॉझल दुसऱ्या बाजूला गेलेला असतो, आणि टाकी ट्रकवरून उतरते तेव्हा पाइप एका बाजूला, तोंड दुसऱ्या बाजूला. शिवाय नाव कसं द्यायचं याची कार्यपद्धती करारातच आहे आणि ती वाचल्याची सही माझी आहे. वाचली नव्हती. कोण वाचतं?

एका अक्षराचं मोल मला कळत नाही असंही नाही. रीबॉयलरच्या डेटाशीटवर वाफेचा दाब ३.५ किलो लिहिला आणि पुढे 'जी' राहिला, तर एक्स्चेंजरवाला तो गेज (बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजलेला) समजेल की ॲब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेला), हे त्याच्या मर्जीवर. गेज असेल तर वाफ सुमारे १४७ अंशांची, ॲब्सोल्यूट असेल तर १३८ची. आत उकळणारं द्रव १२० अंशांवर असेल तर तापमानाचा फरक एकदा २७, एकदा १८. क्षेत्रफळ दीडपट. एका 'जी'पायी. किंवा रिॲक्टरच्या कूलिंग वॉटरच्या व्हॉल्व्हखाली 'एफओ'च्या (हवा गेली की उघडा) जागी 'एफसी' (हवा गेली की बंद) पडलं, तर हवा गेल्याक्षणी थंड पाणी बंद आणि रिॲक्शन मात्र आपल्या मस्तीत गरम होत राहणार. ही अक्षरं कुणी तरी डोळ्यांत तेल घालून बघावी, एवढंच म्हणणं आहे. आमच्याकडे तेल आहे, डोळेही आहेत. ते फाइलच्या नावावर लागलेत.

कागद नकोच म्हणणाऱ्यांतला मी नाही. १ जून १९७४ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोचा कारखाना उडाला, २८ माणसं गेली. रांगेतल्या सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथ्या-सहाव्याच्या मध्ये २० इंची पाइपचा तात्पुरता जोड टाकला. रिॲक्टरांची तोंडं २८ इंची, एक वर एक खाली, म्हणून पाइपला दोन कोपरे, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घड्यांचे लवचीक जोड. या जोडाचं ड्रॉइंग कुठे होतं? वर्कशॉपच्या जमिनीवर, खडूने. तेवढं एकच. आमच्या ऑफिसात कुणी कागदांबद्दल कुरकुर केली की कुणी तरी ज्येष्ठ हा खडू काढतोच, आणि कुरकुर करणारा खाली मान घालतो. मीही घालतो. पण त्या जोडाचा हिशोब कुणी तपासला असता तर उपयोग झाला असता. फाइलचं नाव मधल्या रेघेचं असून काय झालं असतं?

फोन ठेवताना मी शेवटचं विचारलं, "रिव्ह्यूचे चौदा दिवस आजपासून धरायचे ना?"

"ॲक्सेप्ट झाल्यापासून, सर."

ही खरी गोम. चौदा दिवस म्हणजे कामाचे दिवस, आणि ते सुरू होतात फाइल आत गेल्यावर. आमच्या बिलाचा हप्ता आहे पी अँड आयडी मंजूर होण्यावर. म्हणजे खालची रेघ जितके दिवस खाली, तितके दिवस पैसेही खाली. यात कुणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. फक्त कॉमेंट करणाऱ्यांना चौदा दिवस पुरत नाहीत तेव्हा कुणाचंच काही रिजेक्ट होत नाही, एवढं लक्षात आलंय.

त्यात चौदाव्या शीटवर आधीच एक होल्ड, म्हणजे माहिती येईपर्यंत अडून राहिलेला भाग, बसलाय. 'होल्ड ३: पंपाचा नॉझल साइझ व्हेंडरकडून.' व्हेंडर म्हणतो, मंजूर डेटाशीट द्या, मग साइझ सांगतो. डेटाशीटला हेड, म्हणजे पंपाने द्यायचा दाब, लागतो. हेडला पाइपची लांबी लागते. लांबी आयसोमेट्रिकवर असते. आयसोमेट्रिक पी अँड आयडीवरून निघतं. आणि पी अँड आयडीवर होल्ड ३. भोंडल्यासारखा फेर धरलाय सगळ्यांनी, फक्त पाटावरचा हत्ती काढायला कुणी तयार नाही. शेवटी नेहमीसारखा मीच अंदाजे आकडा टाकतो, 'प्राथमिक' असं लिहून, आणि पुढे वर्षभर तो प्राथमिक आकडाच सगळे पाळतात.

रेघ वर उचलायला सेकंद लागला. पण नाव बदललं की ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला नंबरही तपासायचा. तिथेही खालचीच होती. म्हणजे कॅडमध्ये दुरुस्ती, नवा प्लॉट, पुन्हा तीन सह्या: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. मंजूर करणारे साहेब सावंतवाडीला पुतणीच्या लग्नाला. आधी सोमवारी येणार होते, मग मंगळवार म्हणाले.

दरम्यान पायपिंगवाल्यांना जाऊन सांगितलं, "पी-२०१ बीच्या डिस्चार्जला एनआरव्ही येतोय, जागा ठेवा. चार इंची, क्लास १५०, स्विंग, २९२ मिलिमीटर."

"लेखी द्या."

"लेखी द्यायलाच तर पाठवलं होतं."

"ते रिजेक्ट आहे ना? आमच्याकडे बी आहे." आणि बीवरून त्यांनी सरळ पाइपचं आयसोमेट्रिक काढून वर्कशॉपला धाडलं. आता त्या पाइपातून २९२, दोन गॅस्केटांची जाडी आणि दोन फ्लँजांची लांबी कापून, त्या फ्लँज वेल्ड करायच्या. करतील. बिल आमच्या नावावर येईल.

बुधवारी रेव्हिजन सी आत गेली. कंट्रोलर साहेबांचा स्वतःहून मेसेज आला, 'ॲक्सेप्टेड सर', पुढे नमस्काराचे हात. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि काल, चौदा दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी, चौदाव्या शीटवर एक कमेंट आली. एकच. पी-२०१ बीच्या एनआरव्हीला लाल बाण. मी खुर्चीत सरसावून बसलो. अखेर कुणी तरी आत बघितलं होतं. बाणाशेजारी लिहिलं होतं: 'हा व्हॉल्व्ह बीमध्ये नव्हता. बदलाभोवती रेव्हिजनचा ढग नाही. कोड ३. ढग काढून पुन्हा सादर करा.'

ढग म्हणजे बदललेल्या जागेभोवती काढायची नागमोडी रेघ. ती खरंच नव्हती. सदतीस कमेंटांभोवती सदतीस ढग काढले होते. अडतिसावी चूक माझी एकट्याची, तिला विसरलो.

ढग काढलाय. रेव्हिजन डी. नाव तीन वेळा वाचलं. साहेब सावंतवाडीहून आलेत, पण आता त्यांच्या सहीचा शिक्का सापडत नाहीये.