खुलासा : उभ्या क्रेन वाहणाऱ्या जहाजाचा फोटो खरा असू शकतो

पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या गटांत एक फोटो फिरतोय. जहाजावर बंदरात कंटेनर उचलणाऱ्या तीन प्रचंड क्रेन उभ्या, आणि खाली मजकूर : ‘फोटो बनावट आहे. असं जहाज उलटेल. क्रेन सुटी करून ट्रेलरनेच नेतात.’

हा दावा चुकीचा आहे. सुटे भाग नेऊन बंदरात जोडणी करतात हे खरं, पण पूर्ण उभी क्रेन समुद्रमार्गे नेणं ही नेहमीची पद्धत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘झेन हुआ 15’ हे जहाज अशाच क्रेन घेऊन केरळच्या विळिंजम बंदरात आलं होतं.

जहाज उलटत का नाही? क्रेन उंच असली तरी तिचा सांगाडा पोकळ पोलादाचा असतो, आणि जहाजाच्या तळटाक्यांत भरलेलं पाणी तोल खाली धरून ठेवतं. क्रेनचे पाय डेकला वेल्डिंगने जखडतात, तिरके आधारही लावतात.

खरी परीक्षा उतरवताना. भरती-ओहोटीने जहाज वरखाली होतं, म्हणून टाक्यांतलं पाणी सतत कमी-जास्त करून डेक धक्क्याच्या पातळीत ठेवावा लागतो. मग मधल्या फटीवर रूळ टाकून क्रेन अगदी सावकाश ओढून घेतात. लाटा वाढल्या की काम थांबतं.

आपल्या द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेव्याला अशाच जातीच्या क्रेन उचलतात. त्या आणणाऱ्यांच्या कसबाला ‘बनावट’ म्हणणारा हा मजकूर पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.