यूकेहून ऑस्ट्रेलियाला यायचंय? आधी घड्याळ बघा, पगार शेवटी

गेल्या काही महिन्यांत यूकेतल्या ओळखीच्या, अनोळखी लोकांचे इतके मेसेज आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. प्रश्न सगळ्यांचा साधारण सारखाच, "ताई, इथं मला एवढे पौंड मिळतात, मेलबर्नहून एवढ्या डॉलरची ऑफर आलीये, घेऊ का?" आणि मी दरवेळी उलट विचारते, आईबाबा कुठं असतात, त्यांचं वय काय, मुलं केवढी आहेत, आयएलआर (यूकेत कायमचं राहायची परवानगी) झालंय का. लोकांना वाटतं ही विषय टाळतेय. टाळत नाहीये, खरंच सांगते, या निर्णयात पगाराचा नंबर शेवटचा लागतो.

आम्ही बरीच वर्षं रेडिंगला होतो, नवरा आणि मी दोघंही आयटीत, आता मेलबर्नच्या वेस्टला पॉइंट कुकला राहतो. माहेर सांगलीचं, सासर नाशिकचं. दोन्ही देशांत पगार घेतलाय, भाडं भरलंय, टॅक्स भरलाय, त्यामुळं ऐकीव काही लिहीत नाहीये.

तरी पैशाचं आधी उरकून टाकू कारण त्याशिवाय कोणी पुढं वाचणार नाही. पौंडाला साधारण दोन ऑस्ट्रेलियन डॉलर धरा. २०२५-२६ च्या टॅक्स रेटनं इंग्लंडमध्ये वर्षाला ६०,००० पौंड असतील तर टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन हातात येतात साधारण ४५,३५० पौंड. इथं १,२०,००० डॉलर असतील तर टॅक्स आणि मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीची कपात) जाऊन येतात साधारण ९०,८०० डॉलर. त्याला दोननं भागा, ४५,४००! म्हणजे फरक जवळजवळ शून्य. मिनिमम वेजचंही तेच, २०२५ मध्ये तिकडं तासाला १२.२१ पौंड झालं आणि इकडं २४.९५ डॉलर. त्यामुळं "ऑस्ट्रेलियात डबल पगार" हे जे वॉट्सॲपवर फिरतं ते नुसतं आकडा मोठा दिसतो म्हणून.

खरा फरक पडतो सुपरमध्ये, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या फंडात. जुलै २०२५ पासून कंपनीला तुमच्या पगाराच्या १२ टक्के सुपरॲन्युएशनमध्ये भरावेच लागतात, आणि ते बेसिकच्या वर. यूकेत कंपनीवर किमान सक्ती ३ टक्क्यांची आहे, तीही पगाराच्या ठराविक भागावर. पण इथं एक गोष्ट नीट बघा, ऑफर लेटरमध्ये "पॅकेज, सुपर धरून" असं लिहिलेलं असेल तर १,२०,००० मधले तुमचे बेसिक १,०७,००० च्या आसपासच असतात. एचआरला सरळ विचारा, सुपर आत का बाहेर, त्यात लाजायचं काही नाही. आणि सुपरचा पैसा साठीपर्यंत हातात येत नाही हेही डोक्यात ठेवा, घराच्या डाउन पेमेंटसाठी त्यावर भिस्त ठेवू नका.

भाडं इथं आठवड्याचं सांगतात. ६०० डॉलर आठवडा म्हटलं की आपण पटकन चारनं गुणून २४०० म्हणतो, पण वर्षात आठवडे ५२ असतात, म्हणजे महिन्याला २६०० जातात. पगार बऱ्याच ठिकाणी पंधरवड्यानं येतो, त्यामुळं महिन्याचं बजेट बसवायची सवय पहिल्यापासून मोडावी लागते. एक चांगलं म्हणजे काउन्सिल टॅक्ससारखं भाडेकरूच्या गळ्यात काही येत नाही, ते रेट्स घरमालक भरतो. आणि टेम्पररी व्हिसावर येऊन लगेच घर घ्यायचा प्लॅन असेल तर थांबा, एप्रिल २०२५ पासून टेम्पररी रेसिडेंटना जुनं, म्हणजे आधी कोणी राहून गेलेलं घर विकत घेण्यावर बंदी आणलीये, पीआर, म्हणजे कायमचं राहायचा व्हिसा असेल तर ती लागू नाही.

आता घड्याळ. हे मला येण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्यासाठी इथली सगळ्यात मोठी गोष्ट हीच ठरली. रेडिंगला मी संध्याकाळी सहाला घरी पोचायचे तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेदहा नाहीतर साडेअकरा वाजलेले असायचे, आई झोपलेली किंवा जांभया देत फक्त माझ्यासाठी जागी राहिलेली. बोलणं म्हणजे शनिवार-रविवार, तेही सकाळी घाईघाईत. इथं उलटं आहे, आपण भारताच्या पुढं, इथल्या थंडीत साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेपाच. मी सातला स्वयंपाकाला लागते तेव्हा तिकडं दुपारचा दीड-अडीच झालेला असतो, आई जेवून ओटा आवरून पेपर घेऊन बसलेली असते. फोन टाइल्सला टेकवून ठेवायचा, मी भाकरी थापतेय, ती मधेच म्हणते पीठ सैल झालंय गं, मधेच कोणाच्या लग्नाची पत्रिका आलीये ते दाखवते, पाच-पाच मिनिटं दोघी काहीच बोलत नाही. असं रोज चालतं. माझ्या मुलाला त्याची आजी स्क्रीनवरची पाहुणी वाटत नाही आता, होमवर्क करताना तो तिला पाढे म्हणून दाखवतो. हे कुठल्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नसतं. पर्थला असाल तर फरक फक्त अडीच तासांचा, म्हणजे अजूनच सोपं.

पण याच घड्याळाची दुसरी बाजू अंतराची आहे आणि तिच्यावर गोड बोलून पांघरूण घालणार नाही. बाबांना मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा आम्ही रेडिंगला होतो. दादाचा फोन दुपारी आला, रात्रीची हीथ्रोची डायरेक्ट फ्लाइट मिळाली, नऊ-साडेनऊ तासांत मुंबई, तिथून गाडीनं मिरज, दुसऱ्या दिवशी रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी होते. मेलबर्नहून बहुतेकदा सिंगापूर नाहीतर क्वालालंपूर करत जावं लागतं, आधी साडेसात-आठ तास, मग अजून साडेपाच, मधला थांबा वेगळा, आणि तिकीट ऐनवेळचं असेल तर किंमत बघवत नाही. घरी कोणी आजारी असेल, भावाबहिणीपैकी जवळ कोणी नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे, यूके सोडू नका. पगार कितीही वाढू दे.

आईबाबांना आपल्याकडं आणायचं म्हणाल तर यूकेत व्हिजिटर म्हणून एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, आणि कायमचं आणायचा रस्ता २०१२ च्या नियमांनंतर इतका अरुंद झालाय की साध्या कुटुंबाला जवळपास बंदच. ऑस्ट्रेलियात रस्ते आहेत पण खिसा मोठा लागतो. ८७० नावाचा टेम्पररी व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, सगळे मिळून दहा वर्षांपर्यंत. कायमचा १४३ हवा असेल तर माणशी ४८,००० डॉलरच्या आसपास आणि वर दहा वर्षांहून लांब रांग. स्वस्तातल्या व्हिसाची रांग तर तीस-तीस वर्षांची आहे, सत्तरीतल्या माणसानं त्यात अर्ज करून काय करायचं तुम्हीच सांगा, मला हे खरंच अन्यायाचं वाटतं. शिवाय कायमच्या व्हिसाला भावंडांचा हिशोब लागतो, निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात पाहिजेत किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा इथं जास्त पाहिजेत. आम्ही दोघंच, एक इथं, एक सांगलीत, म्हणून बसतं. तीन भावंडं आणि त्यातली दोघं भारतात असतील तर बसत नाही. हे यायच्या आधी तपासा, आल्यावर नाही.

रोजच्या जगण्याचं म्हणाल तर डिसेंबरात रेडिंगला चारच्या आसपास अंधार पडायचा, मुलाला शाळेतून आणलं की दिवस संपला. इथं हिवाळ्यातही पाचपर्यंत उजेड असतो आणि उन्हाळ्यात साडेआठपर्यंत मुलं मैदानात असतात. त्याबरोबर ऊनही असतं, साधंसुधं नाही, यूव्ही इंडेक्स बघून घराबाहेर पडायचं, शाळेत टोपी नसेल तर खेळायला सोडत नाहीत. घरं मात्र थंड! यूकेतून येणाऱ्याला वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे गरम, पण मेलबर्नच्या जुलैत इथली सिंगल काचेची, रेडिएटर नसलेली घरं बाहेरच्यापेक्षा आत गार वाटतात. जाड रजया टाकून येऊ नका.

ऑफिसच्या प्रवासाला रेडिंग ते पॅडिंग्टन जलद गाडीनं पंचवीस मिनिटं, पण सीझन तिकिटाला वर्षाला हजारो पौंड जायचे. मेलबर्नला दिवसभर कितीही फिरा, भाड्याला ११ डॉलरच्या आसपास कॅप, म्हणजे कमाल मर्यादा आहे आणि २०२३ पासून जिलाँगसारख्या लांबच्या गाड्याही त्यातच बसतात. ब्रिस्बेनला तर एका प्रवासाला फक्त ५० सेंट. स्वस्त आहे, पण पॉइंट कुकला स्टेशनच नाही, विल्यम्स लँडिंगला जायचं तर सकाळी लवकर पार्किंग भरतं, आणि गाडीनं जायचं तर वेस्ट गेट ब्रिजवर अडकायचं. दोन गाड्यांचा खर्च धरूनच चाला. घर स्वस्त मिळालं म्हणून लांब घ्याल तर वाचलेला पैसा आणि संध्याकाळ दोन्ही रस्त्यात जातील, ही चूक माझ्या आजूबाजूला खूप जण करतायत.

आणि फिरणं. ज्यांना युरोप बघायचाय त्यांनी आधी बघून घ्या. भारतीय पासपोर्टला शेंगेनची कटकट असायची, तरी सेंट पँक्रसहून अडीच तासांच्या आत पॅरिस. इथून चार तास उडालं तरी आपण पर्थलाच, म्हणजे त्याच देशात. ग्रेट ओशन रोड सुंदर आहे, टास्मानिया सुंदर आहे, पण लांब वीकेंडला सहज नवा देश, नवी भाषा, हे संपलं. मला त्याची अजून हळहळ वाटते.

आता घाईचं कारण. यूकेत स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली आणि मेच्या श्वेतपत्रिकेत आयएलआरसाठी पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आला, तेव्हापासून आपल्या लोकांची झोप उडालीये हे मला मेसेजवरूनच कळतं. त्या भीतीनं धावत सुटू नका, पण वयही बघा. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाला पॉइंट लागतात, त्यात वयाच्या २५ ते ३२ ला ३० मिळतात, ३३ झालं की २५, चाळिशीला १५, आणि ४५ ला दार बंद. म्हणजे ३२ वर्षांच्या माणसाला एक वाढदिवस ५ पॉइंटला पडतो. आयएलआर काही महिन्यांवर आलं असेल तर ते हातात घेऊनच निघा. बाहेर सलग दोन वर्षं राहिलात तर ते जातं, पण तेवढ्या काळात इथं जमतंय का ते कळतं आणि परतीची वाट उघडी राहते. युद्धानंतर १० पौंडांच्या तिकिटावर लाखो ब्रिटिश माणसं इथं आली, त्यांतलीही बरीच परत गेली. परत जाण्यात कमीपणा नाही, आणि नातेवाईक काय म्हणतील यावर तर अजिबात काही ठरवू नका.

अजून एक, जे यूकेत दहा वर्षांच्या वर राहिलेत त्यांच्यासाठी. ब्रिटिश स्टेट पेन्शन ऑस्ट्रेलियात राहून घेतलं तर सुरू होतं त्या रकमेवरच गोठतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. आणि कंपनीचं पेन्शन ५५ च्या आत इथल्या सुपरमध्ये आणणं सर्वसाधारणपणे होत नाही. निघण्याआधी सगळे पेन्शन पॉट, लॉगिन, पॉलिसी नंबर एका फाइलीत लावून ठेवा, पत्ता बदलल्याचं कळवा, इथून फोन करून ते शोधणं फार त्रासाचं आहे.

ॲडलेडला ४९१ या रीजनल स्किल्ड व्हिसावर आलेलं कोणी इथं असेल तर तिथल्या नोकऱ्यांचं आणि शाळांचं कमेंटमध्ये लिहा प्लीज, लेस्टरच्या दोन कुटुंबांनी विचारलंय आणि मला तिथली स्वतःची माहिती नाही.