सूर्य मावळल्यानंतरची २० मिनिटे
सूर्यास्ताच्या छायाचित्रणावरील लेखात सूर्यबिंब क्षितिजाला टेकण्याच्या क्षणावर जो भर दिला आहे, त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे तेथे सूर्यास्ताला गर्दी होते आणि बिंब बुडताच बहुतेक जण कॅमेरे आवरतात. परंतु सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या, आपल्याकडे साधारण २० ते २५ मिनिटांच्या, संधिप्रकाशात आकाश आणि दरी यांच्या उजेडातील तफावत कमी होत जाते, त्यामुळे कातळाचे थर आणि वरचे रंग एकाच छायाचित्रात उमटू शकतात. उजेड कमी असल्याने ट्रायपॉड मात्र हवाच. व्हाइट बॅलन्स (छायाचित्रातील रंगछटा ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) ‘ऑटो’ऐवजी ‘डेलाइट’वर ठेवावा, कारण ‘ऑटो’मध्ये कॅमेरा आकाशाचा तांबूसपणा दोष समजून पुष्कळदा फिका करतो. पहाटे याच गडाच्या तारामती शिखरावर हाच क्रम उलटा असतो, म्हणून सूर्योदयापूर्वी अर्धा तास तरी तेथे पोहोचावे.