‘हिचहायकर्स’चे श्रोते आणि त्यांचा टॉवेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी’ या बीबीसीच्या नभोनाट्यावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. विज्ञानकथेला दृश्याची जोड लागतेच, म्हणून या कृतीचे यश खरे तर पुस्तकाचे आणि पडद्याचे आहे, हा पहिला. आणि दर वर्षी 25 मे रोजी खांद्यावर टॉवेल टाकून हिंडणाऱ्या चाहत्यांच्या ‘पोरखेळा’ला मी नको तितके महत्त्व दिले, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या आक्षेपाला आधी तारखाच आड येतात. पहिला भाग 8 मार्च 1978 रोजी रात्री साडेदहा वाजता, फारसा गाजावाजा न होता, बीबीसीच्या रेडिओ फोर या केंद्रावर लागला. कादंबरी 1979 साली आली, टीव्ही मालिका 1981 साली आणि चित्रपट थेट 2005 साली. लोक लुब्ध झाले ते ऐकून.

आता दृश्याविषयी. या कथेतल्या झेफॉड बीबलब्रॉक्स या पात्राला दोन डोकी आहेत, हे रेडिओवर सांगायला एक वाक्य पुरते आणि पुढचे श्रोता आपापल्या मनात रचून घेतो. टीव्हीसाठी मात्र यांत्रिक डोके बनवून नटाच्या खांद्यावर बसवावे लागले, आणि ते पाहताना आपले लक्ष पात्रावरून उडून त्या यंत्राकडेच जाते. पहिल्याच भागात कथानायक आर्थर डेंटचे घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतात, आणि थोड्याच वेळात आकाशातून घोषणा होते की, अवकाशातल्या बायपाससाठी पृथ्वीही पाडायची असून तिचे नकाशे अल्फा सेंटॉरी या दूरच्या ताऱ्यावरच्या कार्यालयात पन्नास वर्षे पाहण्यासाठी ठेवलेले होते. तो सरकारी, रुक्ष आवाज हेच तिथले सगळे नेपथ्य आहे. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मिती विभागाचे ध्वनी त्याला साथ देतात, पण प्रेक्षकांचे हसणे मुद्दाम घातलेले नाही, त्यामुळे कुठे हसायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. हे काम श्रोत्यावर सोपवण्याचे धाडस मला या नाट्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

म्हणूनच चाहत्यांना वगळून या नाट्याविषयी लिहिणे मला शक्य नव्हते. 11 मे 2001 रोजी ॲडम्स गेले आणि दोनच आठवड्यांनी चाहत्यांनी पहिला ‘टॉवेल दिन’ पाळला, कारण अंतराळात फिरणाऱ्याजवळ असावी अशी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे टॉवेल, असे या कथेतच सांगितले आहे. रेडिओच्या पात्रांना ना ठरलेला चेहरा असतो ना पोशाख. तेव्हा आपल्या लेखकाची आठवण ठेवायला घरोघरी सापडणारी साधी वस्तू उचलावी, यात मला पोरखेळ नव्हे, तर नीट कान देऊन ऐकल्याची खूण दिसते.

शिवाय ॲडम्स स्वतः याच जातकुळीतले होते. 1965 साली, बारा वर्षांचे असताना, त्यांचे पत्र ‘ईगल’ या मुलांच्या साप्ताहिकात छापून आले, जिथे डॅन डेअरच्या अंतराळकथा येत असत. आणि पुढे ‘डॉक्टर हू’ या टीव्हीवरच्या विज्ञानकथा-मालिकेसाठी त्यांनी संहिता लिहिल्या, तिचे संहिता-संपादनही केले. आपण पहिला भाग आधी रेडिओवरचा आणि मग टीव्हीवरचा, याच क्रमाने अनुभवावा, ही विनंती. त्यानंतरही आपले मत कायम राहिले, तर ते सविस्तर वाचायला मला आवडेल.