'गेमवाल्यांचं टीव्हीवर जमत नाही' हे खरं नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. जुळे सोलापूर असो की अशोक चौक, कुठल्या ना कुठल्या काकांकडून तो येतोच. त्यातली मुख्य वाक्यं अशी: "मायक्रोसॉफ्टने गेम सोडून टीव्ही मालिका काढायला घेतल्या. हॉलिवूडची माणसं आणली, स्पीलबर्गला घेतलं. एकही मालिका निघाली नाही. कुणी बघितलं नाही म्हणून स्टुडिओला टाळं लागलं आणि त्या नादात एक्सबॉक्स बुडाला. सोनी शहाणी, ती या वाटेला गेलीच नाही. गेम खेळणारा मालिका बघत नसतो. पोरांना गेम, ॲनिमेशन, गोष्टी लिहिणं असल्या नादाला लावू नका."

(एक्सबॉक्स म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा डबा, म्हणजेच कन्सोल. सोनीचा तसा डबा म्हणजे प्लेस्टेशन.) शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर द्यायला बसलो नसतो. पण त्या एका वाक्यामुळे घराघरांत भांडणं होतात. चांगलं चित्र काढणाऱ्या मुलीला "बघ, मायक्रोसॉफ्टला जमलं नाही, तुला काय जमणार" असं ऐकावं लागतं. ज्या पुराव्यावर हा सल्ला उभा आहे, तो पुरावाच चुकीचा आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"एकही मालिका निघाली नाही."

निघाल्या. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या माजी अध्यक्षा नॅन्सी टेलेम यांना आणलं आणि एक्सबॉक्स एंटरटेनमेंट स्टुडिओज उभा केला. जून २०१४ मध्ये, ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक चालू असताना, 'एव्हरी स्ट्रीट युनायटेड' ही मालिका आली. वेगवेगळ्या देशांत गल्लीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांमधून खेळाडू शोधायचे, अशी तिची कल्पना. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'अटारी: गेम ओव्हर' हा माहितीपट आला. १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेल्या गेमच्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरल्या, ही गोष्ट तीस वर्षं दंतकथेसारखी सांगितली जायची. एप्रिल २०१४ मध्ये कॅमेरे लावून तो डेपो खणला, आणि कॅसेट खरोखर निघाल्या. गेमच्या इतिहासातलं एक मोठं कोडं या स्टुडिओच्या पैशातून सुटलं आहे. 'हेलो' या एक्सबॉक्सच्या गेमवरून केलेली 'हेलो: नाइटफॉल'ही त्याच नोव्हेंबरात आली. 'ह्यूमन्स' या ब्रिटिश मालिकेत मायक्रोसॉफ्ट सुरुवातीला भागीदार होती. स्टुडिओ बंद झाल्यावर तिची जागा एएमसी या अमेरिकी वाहिनीने घेतली आणि २०१५ ते २०१८ अशी त्या मालिकेची तीन पर्वं झाली. म्हणजे स्टुडिओने निवडलेला विषयही फुकट गेला नाही. दुसऱ्याच्या वाहिनीवर तो चालला. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

"कुणी बघितलं नाही म्हणून टाळं लागलं."

इथे फक्त तारखा जुळवून बघा. पहिली मालिका जून २०१४ ची. स्टुडिओ बंद करण्याची घोषणा १७ जुलै २०१४ ची. महिनाभरात प्रेक्षकांचा कौल घेऊन कुठली कंपनी स्टुडिओ मोडते? त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने एकूण १८,००० लोकांना काढायचं जाहीर केलं होतं, आणि त्यातल्या सुमारे १२,५०० जागा नोकियाकडून घेतलेल्या मोबाइल धंद्याशी संबंधित होत्या. सत्या नाडेला फेब्रुवारीत प्रमुख झाले होते आणि कंपनी काय करणार, काय सोडणार याची नव्याने मांडणी चालू होती. टीव्हीचा स्टुडिओ त्या कात्रीत सापडला. चालू असलेली कामं पूर्ण होतील आणि 'हेलो'च्या मालिकेचं काम पुढे राहील, असं एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी तेव्हाच कळवलं होतं. पेरणी झाल्या झाल्या शेत विकलं गेलं, आणि मजकूर लिहिणारा म्हणतो की पीक आलं नाही.

"त्या नादात एक्सबॉक्स बुडाला."

या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एक्सबॉक्स वन मागे पडला हे खरं. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ साली ब्राझीलच्या नियामकापुढे लिहून दिलं की त्या पिढीत सोनीने त्यांच्या दुपटीहून जास्त कन्सोल विकले. २१ मे २०१३ ला रेडमंडमध्ये एक्सबॉक्स वन पहिल्यांदा दाखवला, तेव्हा टीव्हीवर इतका वेळ घालवला की गेमची वाट बघत बसलेले लोक वैतागले. सेट-टॉप बॉक्स कन्सोलला कसा जोडायचा, आवाज देऊन चॅनेल कसा बदलायचा, आणि मग स्पीलबर्ग यांच्या सहभागाने होणाऱ्या 'हेलो' मालिकेची घोषणा. त्या दिवशीचा राग रास्तच होता.

पण कन्सोल मार खाऊन गेला तो त्यानंतरच्या दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट किंमत. किनेक्ट कॅमेरा गळ्यात बांधल्यामुळे एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, आणि सोनीचा पीएस फोर (प्लेस्टेशन फोर) ३९९ ला. दुसरी गोष्ट सोलापूरच्या कुठल्याही गेमवाल्या पोराला मी समजावून सांगायची गरज नाही: डिस्क. मायक्रोसॉफ्टने आधी ठरवलं होतं की कन्सोलने चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि जुनी डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं राहतील. आपल्याकडे हा खेळ चाललाच मुळी डिस्क फिरवून. एकाने नवी घ्यायची, महिनाभर खेळायची, मग दुकानात देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरी आणायची. तीच डिस्क पुढे गल्लीतल्या पार्लरमध्ये तासाच्या भाड्यावर चालायची. हे बंद करणारा कन्सोल कोण घेणार? अमेरिकेतल्या पोरांनाही नेमका हाच राग आला.

१० जून २०१३ ला सोनीने काय केलं ते मी आजही गेम शिकणाऱ्या मुलांना दाखवतो. 'पीएस फोरवर गेम दुसऱ्याला कशी द्यायची' असा अर्ध्या मिनिटाचासुद्धा नसलेला एक व्हिडिओ सोनीने काढला. एक माणूस डिस्कची डबी हातात धरून उभा, तो ती शेजारच्याला देतो, शेजारचा आभार मानतो. संपला व्हिडिओ. नऊ दिवसांनी, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. पण तोवर लोकांनी मन बनवलं होतं.

भारतात आणखी एक कारण. पीएस फोर इथे जानेवारी २०१४ मध्ये आला, एक्सबॉक्स वन सप्टेंबरमध्ये. आठ महिने दुकानात समोर वस्तूच नसेल तर नवी पेठेतला दुकानदार विकणार काय? एका घराने पीएस घेतला की त्या गल्लीतले मित्रही तोच घेतात, कारण डिस्क अदलाबदल करायच्या असतात. या सगळ्यात टीव्ही मालिकांचा वाटा किती? मालिकांवरचा भर ही कंपनीची एक चूक होती. कन्सोल ज्यामुळे हरला ते कारण ती नव्हती.

"सोनी या वाटेला गेलीच नाही."

हे सरळ खोटं आहे. प्लेस्टेशनची स्वतःची पहिली मालिका 'पॉवर्स' १० मार्च २०१५ ला आली. कॉमिकवर आधारलेली, शार्ल्टो कोपली मुख्य भूमिकेत, दोन पर्वं झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये बंद पडली. त्याच मार्चमध्ये सोनीने अमेरिकेत प्लेस्टेशन व्ह्यू ही टीव्ही चॅनेल दाखवणारी सेवाही काढली आणि जानेवारी २०२० मध्ये गुंडाळली. मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओ बंद झाल्यानंतर सोनीची मालिका आली, आणि सोनी मायक्रोसॉफ्टपेक्षा जास्त काळ त्या वाटेने चालली. ठेच तिलाही लागली.

मग फरक कुठे पडला? माझं म्हणणं सगळं इथे आहे. 'पॉवर्स' प्लेस्टेशनच्या दुकानात होती. प्लेस्टेशन प्लसचे वर्गणीदार ती बघू शकत. इतरांनी सोनीच्याच दारात येऊन विकत घ्यायची. मायक्रोसॉफ्टचा बेतही तोच होता: मालिका आमच्या डब्यावर बघा, म्हणजे डबा घ्याल. समजा सोलापूरच्या एखाद्या कारखानदाराने उत्तम चादर विणली, पण ठरवलं की ती फक्त कारखान्याच्या दारातच मिळेल, पुण्या-मुंबईच्या दुकानांना माल द्यायचा नाही. खप झाला नाही म्हणून तुम्ही विणकराला नावं ठेवाल का?

२०१९ साली सोनीने प्लेस्टेशन प्रॉडक्शन्स काढलं आणि हीच चूक दुरुस्त केली. गोष्ट आपली, पण दाखवायची तिथे जिथे प्रेक्षक आधीपासून बसला आहे. 'द लास्ट ऑफ अस' ही प्लेस्टेशनच्या गेमवरून केलेली मालिका जानेवारी २०२३ मध्ये एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर आली. आपल्याकडे तेव्हा ती हॉटस्टारवर दिसली, म्हणजे ज्या ॲपवर क्रिकेट बघायचे त्याच ॲपवर. ज्यांच्या घरात कधी कन्सोल आला नाही त्या घरांतही ती बघितली गेली.

"गेम खेळणारा मालिका बघत नसतो."

'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग अमेरिकेत पहिल्या रात्री ४७ लाख लोकांनी बघितला. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागाला तो आकडा ८२ लाखांवर गेला. पर्व संपेपर्यंत माणसं वाढली, म्हणजे बघणाऱ्याने दुसऱ्याला सांगितलं. त्या पर्वाला एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांची २४ नामांकनं मिळाली. 'आर्केन' ही गेमवरून आलेली ॲनिमेशन मालिका २०२२ साली सर्वोत्तम ॲनिमेशन कार्यक्रमाचं एमी घेऊन गेली. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' प्राइम व्हिडिओवर आली. ती गेम बनवणारी बेथेस्डा आज कुणाची? मायक्रोसॉफ्टची. ज्या कंपनीला टीव्ही जमला नाही असं मजकूर सांगतो, तिच्याच मालकीच्या गेमची मालिका जगभर चालली.

आणि अशा मालिका नुसत्या गेमच्या नावावर चालतात असंही नाही. 'द लास्ट ऑफ अस'चा तिसरा भाग बघा. गेममध्ये बिल हा एकटा, कडवट माणूस आहे. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला असतो, मरताना रागाची चिठ्ठी ठेवून जातो. मालिकेत त्याच दोघांचं पूर्ण आयुष्य दाखवलं, सोळा वर्षांचा संसार, बागेतल्या स्ट्रॉबेरी, शेवटचं एकत्र जेवण. गेम लिहिणारा नील ड्रकमन आणि 'चेर्नोबिल' लिहिलेला क्रेग मेझिन, दोघे एकत्र बसले म्हणून हा बदल जमला. गेममध्ये खेळाडूच्या हातात बंदूक असते, त्याला दर काही मिनिटांनी काहीतरी करायला द्यावं लागतं. टीव्हीवर माणसं नुसती जेवताना दाखवता येतात. हा फरक ज्याला कळतो तो लेखक दोन्हीकडे लागतो.

उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर मीही त्या मजकुरासारखाच सोयीचं तेवढं सांगितल्यासारखं होईल. 'हेलो' मालिका शेवटी मार्च २०२२ मध्ये पॅरामाउंट प्लसवर आली. दुसऱ्याच्याच वाहिनीवर. तरी दोन पर्वांनंतर जुलै २०२४ मध्ये ती बंद केली. गेममध्ये वर्षानुवर्षं ज्याचा चेहरा नीट दिसू दिला नाही त्या मास्टर चीफ या नायकाने पहिल्याच भागात हेल्मेट काढलं, आणि जुने चाहते तिथेच तुटले. तेव्हा चांगली वाहिनी मिळाली की झालं, असं मी म्हणत नाही. गोष्ट कशी सांगितली यावर ती चालते की पडते, आणि हे गेमवरून आलेल्या मालिकेलाही लागू, कादंबरीवरून आलेल्या मालिकेलाही.

"पोरांना असल्या नादाला लावू नका."

एका अमेरिकन स्टुडिओच्या २०१४ सालच्या बंद होण्यावरून सोलापूरच्या मुलीने आज काय शिकावं हे ठरत नाही. आणि हे काम फक्त कॅलिफोर्नियात होतं असंही नाही. युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' ही आपल्या पुराणकथांमधून आलेली गेम २०२० साली बाहेर काढली आणि ती निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आली. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पोचून रात्री परत येता येतं, इतक्या अंतरावर हे चालू आहे.

काळजी मात्र वेगळ्या गोष्टीची करावी, आणि ती मी मनापासून करतो. गेम आणि ॲनिमेशनच्या नावाखाली चालणारे सगळेच क्लास चांगले नाहीत. काही ठिकाणी वर्षभर एकच सॉफ्टवेअर शिकवतात आणि हातात सर्टिफिकेट देतात. म्हणून फी भरण्याआधी आई-वडिलांनी तिथे जाऊन मागच्या बॅचच्या मुलांची कामं बघायला मागावीत, सर्टिफिकेटं नव्हेत. शिकवणाऱ्याने स्वतः कुठल्या गेमवर किंवा मालिकेवर काम केलं आहे ते विचारावं. चित्र, माणसाचं शरीर, गोष्टीची मांडणी यातलं किती शिकवतात आणि नुसती बटणं किती शिकवतात, हे विचारावं. मुलीला चार ओळींची गोष्ट देऊन दहा चौकटींत काढायला सांगावं आणि ते तिने किती आवडीने केलं ते बघावं. उत्तरं पटली नाहीत तर तो क्लास सोडावा, दुसरा बघावा.