पाण्याच्या ‘स्मृती’बद्दलचा तो मेसेज

सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: फ्रेंच शास्त्रज्ञ जाक बेनव्हेनिस्त यांनी १९८८ मध्ये पाण्याला स्मृती असते, म्हणजे पातळ करत करत मूळ पदार्थ उरला नाही तरी पाणी त्याचा परिणाम दाखवतं, हे सिद्ध केलं, औषध कंपन्यांनी ते दडपलं, पुढे एका नोबेलविजेत्यानं त्यांना खरं ठरवलं आणि आता आयआयटी मुंबईनंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून ऊर्जा-उपचारांवर शंका घेऊ नका. हे वाचून माझी मावशी रक्तदाबाची गोळी सोडायचं म्हणायला लागली, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘दडपलं’ या शब्दाबद्दल. बेनव्हेनिस्त यांचा निबंध ३० जून १९८८ रोजी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. याहून मोठं व्यासपीठ जीवशास्त्रात क्वचितच मिळतं. कंपनीचाच विषय काढायचा तर निबंधाच्या दोन सहलेखकांचे पगार होमिओपॅथिक, म्हणजे मूळ पदार्थ खूप पातळ करून केलेली, औषधं बनवणारी एक कंपनी देत होती.

आता ‘सिद्ध केलं’. बेनव्हेनिस्त ऐरेगैरे नव्हते. प्लेटलेट-ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर या महत्त्वाच्या रेणूच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता आणि ते काम आजही मानलं जातं. १९८८ चा दावा मात्र असा होता की एक प्रतिपिंड (शरीराच्या प्रतिकारशक्तीतलं प्रथिन) एकावर १२० शून्यं इतक्या पट पातळ केलं, म्हणजे त्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता नाही, तरी रक्तातल्या बेसोफिल पेशी त्याला प्रतिसाद देतात. ‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी प्रयोग डोळ्यांदेखत पाहण्याच्या अटीवर तो छापला. जुलैमध्ये ते स्वतः, संशोधनातले गैरप्रकार तपासणारे वॉल्टर स्टुअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी पॅरिसजवळच्या क्लामारमधल्या प्रयोगशाळेत गेले. जादूगाराला सोबत नेलं याचा बेनव्हेनिस्त यांना राग आला. तो मी समजू शकतो. पण तिथे काय झालं ते पाहा. कोणत्या नळीत काय आहे हे माहीत असताना परिणाम दिसला. मग नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले, त्यांची यादी पाकिटात बंद केली आणि ते पाकीट प्रयोगशाळेच्या छताला चिकटवलं. काटेकोरपणे घेतलेल्या त्या चाचण्यांत परिणाम नाहीसा झाला. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजायच्या होत्या. अशा मोजणीत प्रामाणिक माणसाचीही अपेक्षा आकड्यांत उतरते. इथे लबाडीचा आरोप करायची गरजच नाही.

त्यानंतर त्यांना संधीच मिळाली नाही, हेही खरं नाही. पुढे त्यांनी रेणूंचे ‘संदेश’ संगणकावर नोंदवून पाण्यात उतरवता येतात असा दावा केला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून त्याची तपासणी झाली. ती करणारे वेन जोनास हे पर्यायी उपचारांवरच्या अमेरिकी सरकारी कार्यालयाचे माजी संचालक, म्हणजे या विषयाचे वैरी मुळीच नव्हेत. बेनव्हेनिस्त यांचे सहकारीही त्यात सहभागी होते. २००६ साली निष्कर्ष छापला: पुन्हा पुन्हा दिसेल असा परिणाम आढळला नाही. बेनव्हेनिस्त त्याआधीच, २००४ मध्ये, वारले होते.

नोबेलविजेते म्हणजे ल्युक माँतानिये. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं ते एचआयव्हीच्या शोधासाठी. पाण्यातल्या विद्युतचुंबकीय लहरींवरचा त्यांचा निबंध २००९ चा आहे आणि ज्या नियतकालिकात तो आला त्याच्या संपादक मंडळाचे प्रमुख तेच होते. एका कामासाठी मिळालेलं पारितोषिक दुसऱ्या कामाचा पुरावा होत नाही.

आयआयटीचं नाव आलं की आपल्याकडे वाद मिटतो, म्हणून हा मुद्दा नीट पाहू. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी बाजारातली सोनं, तांबं, जस्त अशा सहा धातूंपासून बनवलेली होमिओपॅथिक औषधं तपासली आणि खूप पातळ केलेल्या औषधांतही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं लिहिलं. हे जसंच्या तसं मान्य केलं, तर मेसेजचेच दोन दावे एकमेकांना खोडतात. मूळ पदार्थ बाटलीत शिल्लकच असेल, तर पाण्याला काही आठवण्याची गरज काय? शिवाय त्यांच्याच मोजमापात एका टप्प्यानंतर आणखी पातळ करूनही धातूचं प्रमाण फारसं बदलत नव्हतं. मग २०० पोटन्सीच्या (म्हणजे २०० वेळा पातळ केलेल्या) बाटलीत ३० पोटन्सीपेक्षा वेगळं काय, हे ते कण सांगत नाहीत. आणि मावशीला मी सांगितलं ते एवढंच: त्या अभ्यासात धातू मोजले होते. त्यात एकही रुग्ण नव्हता, कुणाचा रक्तदाब तपासलेला नव्हता.